खानदेशच्या जलवनांचा राखणदार कोण?

स्मरणिकेच्या पानांतून आपण दरवर्षी समाजाच्या पूर्वजांचा वृत्तान्त, देणगीदारांची नामावली आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव वाचीत असतो. यंदा आम्ही ज्ञातिबांधवांपुढे जो विषय ठेवीत आहोत, तो वरवर पाहता इतिहासाचा वाटणार नाही. नद्या, विहिरी, वने आणि हवा यांच्या रक्षणाची जबाबदारी कोणाची, हा तो विषय होय. हा प्रश्न आजकालचा आहे, अशी समजूत सर्वत्र दिसते. वास्तविक खानदेशच्या भूमीने तो गेल्या चार शतकांत अनेकवार विचारला असून प्रत्येक काळाने त्याचे निराळे उत्तर दिले आहे. त्या उत्तरांपैकी कोणते टिकले आणि कोणते फसले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

आपल्या गावापासूनच आरंभ करू. २०१७ सालच्या स्वच्छ सर्वेक्षणात देशातील ४३४ शहरांत भुसावळचा क्रमांक ४३३ वा लागला. ही वार्ता ऐकून गावात जी चर्चा झाली, तीत बहुतेकांनी दोष दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेविला. कोणी नगरपालिकेस नावे ठेविली, कोणी रेल्वेच्या हद्दीकडे बोट दाखविले, कोणी दीपनगरच्या राखेचा दाखला दिला, तर कोणी बाहेरून येणाऱ्या प्रवाशांवर ठपका ठेविला. पुढील सर्वेक्षणांत गावाचा क्रमांक सुधारला, ही समाधानाची गोष्ट खरी. पण ती चर्चा मात्र अनिर्णित राहिली. "ही सर्वांचीच जबाबदारी आहे," असे शेवटी कोणीतरी म्हणते आणि मंडळी उठतात. सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे, हा अनुभव आपणांस नवा नाही. म्हणून जबाबदारी सर्वांची आहे एवढे म्हणून न थांबता, कोणाच्या वाट्याला किती आणि कोणती येते, याची वाटणी केली पाहिजे. ह्या वाटणीचा एक उत्तम नमुना आपल्याच खानदेशात होऊन गेला आहे.

फड पद्धतीचा धडा

धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीच्या काठी आणि शेजारच्या बागलाणात मोसम, आरम ह्या नद्यांच्या काठी सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपासून फड पद्धतीची बागायत चालत आली. नदीत दगडी बंधारा घालावयाचा, त्याच्या एका अंगाने पाट काढावयाचा, आणि त्या पाटाखाली जेवढी जमीन भिजेल तेवढ्या क्षेत्रास 'थळ' म्हणावयाचे, अशी ही रचना होती. थळाचे तीन-चार भाग पाडीत; तेच फड. एका फडात एका हंगामास एकच पीक घ्यावयाचे. कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात हंगामी पीक आणि कोणता फड विश्रांतीस ठेवावयाचा, हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे आणि पुढील वर्षी फेरपालट करावयाची. बहुधा प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे पाणी उदंड आले तर सर्वांस लाभ आणि तुटवडा पडला तर सर्वांस झळ. वापरून उरलेले पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीत जाई आणि खालच्या बंधाऱ्याच्या उपयोगी पडे.

ह्या कारभारास सरकारी कचेरी नव्हती. लाभधारकांनी पंच नेमावेत आणि पंचांनी पाटकरी, हवालदार व जागल्या यांस कामावर ठेवावे, अशी रीत होती. पाटकऱ्याने बारीप्रमाणे पाणी द्यावयाचे. कोणत्याही शेतकऱ्याने स्वतः दारे फोडावयाचे नाही. जागल्याने पाण्यावर आणि उभ्या पिकावर नजर ठेवावयाची. ह्या माणसांचा मेहनताना लाभधारकच देत आणि तो पुष्कळदा धान्यरूपाने असे. वर्षातून ठरल्या वेळी पाटातील गाळ काढण्यास प्रत्येक घरचा माणूस हजर राही. मोगलाई गेली, मराठेशाही गेली, इंग्रजी अंमल आला. राजे बदलले तरी पाट वाहत राहिले, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

फडाच्या टिकाऊपणाची कारणे शोधू गेल्यास चार गोष्टी दिसतात. पहिली, थळाची हद्द ठरलेली होती. पाणी किती आणि जमीन किती, हे सर्वांस ठाऊक होते. दुसरी, ज्याला लाभ त्यालाच श्रम, हा नियम होता. तिसरी, नियम करणारे आणि नियम पाळणारे एकच होते. चौथी, देखरेख करणारा मनुष्य लाभधारकांना उत्तरदायी होता. अमेरिकेतील अर्थशास्त्राभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील सामायिक कुरणे, वने आणि पाट यांचा अभ्यास करून १९९० साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सामायिक संपत्ती कोठे टिकते याची काही लक्षणे नोंदविली आहेत. निश्चित हद्द, स्थानिक परिस्थितीस साजेसे नियम, लाभधारकांचा निर्णयात सहभाग आणि त्यांना उत्तरदायी असा राखणदार, ही त्यांतील प्रमुख होत. ह्या कार्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पांझराकाठच्या पाटकऱ्याने त्यांचे नाव ऐकले नव्हते. पण त्यांनी ग्रंथात जे मांडले, ते त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाटावर चालविले होते.

तथापि फडाचे गुणगान करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. थळाबाहेरच्या जिराइतदाराला आणि भूमिहीन मजुराला त्या पाण्यात वाटा नव्हता. पाण्याचा हक्क जमिनीशी बांधलेला होता, तहानेशी नव्हे. म्हणून जुने तेवढे सोने, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. त्यातील तत्त्व घ्यावे आणि उणीव भरून काढावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

राजसत्तेने काय केले?

गावाच्या आवाक्याबाहेरचे काम राजसत्तेने करावे, याचेही उदाहरण आपल्या शेजारीच आहे. तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण होते. तेथे अब्दुल रहीम खानखाना यांच्या कारकिर्दीत १६१५ साली कुंडी भंडारा ही भूमिगत जलयोजना झाली. सातपुड्याकडून तापीकडे भूगर्भातून झिरपणारे पाणी हेरून त्या वाटेवर कुंड्या खोदल्या, त्या भुयाराने एकमेकींस जोडल्या आणि केवळ उताराच्या बळावर पाणी शहरात आणले. असे काम एकट्या गावकीच्या शक्तीबाहेरचे होते. त्यास राज्याचा खजिना आणि जाणकाराची विद्या लागली. कुंडी भंडारा आजही पाहावयास मिळतो; परंतु त्याच्या जोडीच्या काही योजना काळाच्या ओघात नष्ट झाल्या. जे खजिन्याने उभारले, ते खजिना आटला की निराधार होते. फड आणि कुंडी भंडारा यांची तुलना केली असता असे दिसते की, मोठे काम उभारण्यास राजसत्ता लागते, पण राखण्यास शेजारी राहणारा मनुष्य लागतो.

इंग्रजी अंमल : रक्षक निराळा, रहिवासी निराळा

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सातपुड्याच्या वनांत राहणारे भिल्ल आणि नवे सरकार यांच्यात पुढे अनेक वर्षे संघर्ष चालला. त्यानंतर आगगाडी आली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळास पोहोचली. १८६७ मध्ये तिची एक शाखा नागपुरास गेली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग पूर्ण झाला. तापीकाठचे लहानसे खेडे त्यायोगे मोठे जंक्शन बनले. आपल्या समाजातील कित्येक घराण्यांची भाकरी ह्या लोहमार्गावर भाजली गेली आहे, हे आपण विसरू नये. पण रुळांखाली लाकूड लागे. एक मैल रुळास सुमारे १,७६० ते २,००० स्लीपर लागत, असा त्या काळचा हिशोब सांगितला जातो. देशभर हजारो मैल रूळ पसरू लागले, तेव्हा लाकडाचा प्रश्न सरकारास भेडसावू लागला. १८६४ साली वनखाते स्थापन झाले, १८६५ आणि १८७८ साली वनांचे कायदे झाले आणि १९२७ च्या कायद्याने ती व्यवस्था दृढ झाली.

ह्या कायद्यांनी काही जंगले निखालस तोडीपासून वाचविली, हे नाकारता येत नाही. परंतु त्यांनी एक मोठी फारकत केली. वनात राहणारा मनुष्य वनाचा वाटेकरी होता, तो कायद्याच्या दृष्टीने घुसखोर ठरला. आणि वनाचे रक्षण पगारी रखवालदाराकडे गेले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात वनखात्याने गुराढोरांची चराऊ राने बळकाविल्याबद्दल कठोर टीका केली आहे. शिवाय ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावे, ही सूचनाही त्यांनी केली आहे. १९३० च्या कायदेभंगात पुसद, कळवण, चिरनेर अशा ठिकाणी जंगल सत्याग्रह झाले, त्यांच्या मुळाशी हीच वेदना होती. ज्याचा हक्क काढून घेतला, त्याच्याकडून प्रेमाची अपेक्षा करता येत नाही. चोरून तोडलेल्या लाकडाकडे गावाने काणाडोळा करावा आणि रखवालदाराने एकट्याने डोंगर सांभाळावा, अशी स्थिती निर्माण झाली.

पाण्याच्या बाबतीत याच्या उलट प्रकार घडला. १८८२ च्या ईझमेंट कायद्याने जमिनीच्या मालकास आपल्या हद्दीतील भूगर्भजल हवे तितके उपसण्याचा हक्क मान्य केला. वनाच्या बाबतीत लोकांवर बंधन आले, पण हक्क गेला. भूजलाच्या बाबतीत हक्क मिळाला, पण बंधन राहिले नाही. दोन्हींचा परिणाम एकच झाला. डोंगर उघडे पडत गेले आणि विहिरी खोल जात गेल्या.

स्वराज्यातील कायदे

स्वातंत्र्यानंतर ह्या विषयाकडे लक्ष गेले नाही, असे म्हणता येणार नाही. यावल तालुक्यातील सातपुड्याच्या वनास १९६९ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. जलप्रदूषणाविषयी महाराष्ट्राने १९६९ मध्येच कायदा केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापिले. १९७२ साली स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणविषयक परिषद भरली. १९७४ मध्ये केंद्राचा जलप्रदूषण कायदा झाला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात दोन कलमे घातली. कलम ४८-अ अन्वये पर्यावरणाचे व वनांचे रक्षण हे राज्याचे धोरण ठरले आणि कलम ५१-अ (छ) अन्वये वने, सरोवरे, नद्या व वन्यजीव यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. म्हणजे संविधानाने राज्य आणि नागरिक ह्या दोघांसही जबाबदार धरिले. पण दोघांमध्ये वाटणी कशी करावी, हे व्यवहाराने ठरवावयाचे राहिले.

ह्या वाटणीस न्यायालयांनी हातभार लाविला आहे. त्यातील एक निवाडा आपणांस विशेष जवळचा वाटेल, कारण तो आपल्यासारख्याच एका रेल्वे जंक्शनच्या गावाचा आहे. मध्य प्रदेशातील रतलाम येथील एका वस्तीतील रहिवासी उघडी गटारे, मैला आणि मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी यांमुळे हैराण झाले. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेस गटारे बांधण्याचा हुकूम दिला. नगरपालिका पैसा नसल्याची सबब सांगत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला की, सार्वजनिक आरोग्य राखणे हे नगरपालिकेचे कायदेशीर कर्तव्य असून पैशाच्या टंचाईची सबब तीस सुटका देऊ शकत नाही. ध्यानात घ्यावे की, हा निर्णय आपोआप झाला नाही. वस्तीतील सामान्य माणसे अर्ज घेऊन उभी राहिली, म्हणून झाला. पुढे १९९६ मध्ये न्यायालयाने 'प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले. १९९२ साली रिओ येथे भरलेल्या जागतिक परिषदेनेही हे तत्त्व मान्य केले होते. शिवाय जबाबदारी सर्व राष्ट्रांची समान असली तरी तिचा वाटा निरनिराळा आहे, असेही तेथे ठरले. राष्ट्रांस जे लागू, ते गावासही लागू आहे.

तापीकाठचा हिशोब

आता हा हिशोब भुसावळपुरता मांडून पाहू. सातशे चोवीस किलोमीटर लांबीची तापी मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावते. चांगदेवाजवळ तिला पूर्णा मिळते. पुढे हतनूरचे धरण आहे. एक्केचाळीस दरवाजांचे हे धरण १९८२ साली पूर्ण झाले. नंतर भुसावळ आणि अखेरीस उकाई व सुरत. बुऱ्हाणपूरच्या दृष्टीने आपण खालचे गाव आहोत, तर सुरतेच्या दृष्टीने वरचे. वरच्या गावाने आपल्या ताटात काही टाकू नये, अशी आपली अपेक्षा असेल, तर खालच्या गावाच्या ताटाचा विचार आपणही केला पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि त्यांत तापीचाही समावेश होता. आषाढ शुद्ध सप्तमीस आपण तापीमाईचा जन्मोत्सव करतो, खणा-नारळाने तिची ओटी भरतो; परंतु वर्षभर गटारांवाटे तिला काय अर्पण करतो, याचा विचार त्या दिवशी तरी मनात यावयास हवा.

सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे हे काम एकेका कुटुंबाचे नव्हे; ते निःसंशय नगरपालिकेचे आहे आणि त्याबद्दल तिला जाब विचारला पाहिजे. मनात आणल्यास नगरसंस्था काय करू शकते, हे त्याच तापीच्या काठी सुरतेने दाखविले आहे. १९९४ च्या प्लेगने ते शहर हादरले. त्यानंतर आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांस दररोज सकाळी रस्त्यावर उतरविले, प्रभागवार जबाबदारी निश्चित केली आणि अल्पावधीत ते शहर देशातील स्वच्छ शहरांच्या पंक्तीत नेऊन बसविले. नगरी तीच, माणसे तीच. बदलली ती जबाबदारीची वाटणी.

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची गोष्ट अशीच आहे. तेथे प्रत्येकी ५०० मेगावॉटचे दोन संच २०१० नंतरच्या दशकात सुरू झाले. त्यापूर्वीचे संच कित्येक दशके चालले. त्या केंद्राने आपल्या मुलांस नोकऱ्या दिल्या आणि महाराष्ट्राच्या घराघरांत दिवे लाविले. पण दिवा मुंबईत लागतो आणि राख भुसावळ तालुक्यात पडते, हा न्याय नव्हे. राखेच्या उपयोगाविषयी केंद्राने १९९९ साली अधिसूचना काढली आणि २०२१ च्या अखेरीस नवी अधिसूचना काढून संपूर्ण राखेचा उपयोग करण्याचे, तसे न केल्यास भरपाई देण्याचे बंधन घातले. म्हणजे ह्या बाबतीत जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कायद्याने सोडविलेला आहे. प्रश्न उरतो तो जागल्याचा. कायदा झाला, पण त्याच्या अंमलावर नजर कोण ठेवणार? तेथे नोकरी करणारा आपला मुलगा आणि त्या राखेशेजारी शेती करणारा आपला मामा, हे दोघेही याच स्मरणिकेचे वाचक आहेत. दोघांनी एकमेकांशी बोलावे, अशी आमची विनंती आहे.

यावल-रावेरचा प्रश्न याहून नाजूक, कारण तेथे दोष देण्यास कारखाना नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्यास बाझाडा म्हणतात. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी ह्या पट्ट्यात मुरते आणि भूगर्भातून तापीकडे सरकते. बुऱ्हाणपूरच्या जाणकाराने चारशे वर्षांपूर्वी हेच पाणी हेरिले होते. त्याच पाण्यावर आपल्या केळीच्या बागा उभ्या राहिल्या. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ह्या वैभवाचा आम्हांस अभिमान आहे. पण मोटेच्या काळी बैल थकत आणि विहिरीस विसावा मिळे. विजेचा पंप थकत नाही. एकाने कूपनलिका खोल नेली की शेजाऱ्यास आणखी खोल जावे लागते, आणि अखेरीस दोघेही कर्ज काढून एकमेकांचे पाणी उपसतात. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर खोदण्यास १९९३ च्या कायद्याने निर्बंध घातला. २००९ मध्ये भूजलाचा व्यापक कायदा झाला. परंतु भूगर्भात शिपाई उभा करता येत नाही. येथे फडाचाच मार्ग हवा. एका नाल्याच्या खोऱ्यातील बागायतदारांनी एकत्र बसून आपले थळ ओळखावे, पावसाने किती मुरले आणि आपण किती उपसले याचा ताळा करावा आणि मुरविणे ही उपसणाऱ्याची जबाबदारी मानावी. ठिबक सिंचन आपल्या भागात पुष्कळ आहे. परंतु ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर आणखी चार एकर बाग वाढविली, तर भूगर्भाच्या पदरी काय पडले?

बारीपाड्याचे उदाहरण

हे सर्व बोलावयास सोपे, पण करतो कोण, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साक्री तालुक्यातील बारीपाडा ह्या लहानशा आदिवासी पाड्याने दिले आहे. १९९० च्या सुमारास तेथील डोंगर ओसाड झाला होता आणि पाण्यासाठी स्त्रियांना दूर जावे लागे. चैत्राम पवार ह्या पदवीधर तरुणाने नोकरीच्या मागे न जाता गावकऱ्यांस एकत्र केले. गावाने स्वतःच नियम केले, तोड करणाऱ्यास दंड ठरविला, आळीपाळीने राखण केली, माती-दगडाचे बांध घातले. सुमारे चारशे हेक्टर वन पुन्हा उभे राहिले. विहिरींस पाणी आले. २००३ साली ह्या कार्यास आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचे पारितोषिक मिळाले आणि २०२५ साली चैत्राम पवार यांस पद्मश्री किताब जाहीर झाला. जमीन वनखात्याची, कायदा सरकारचा, पण राखण गावाची, असा हा त्रिवेणी संगम आहे. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांस सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला, आणि २००५ च्या कायद्याने कालव्यांचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली. १८७८ साली हक्क आणि कर्तव्य यांची जी ताटातूट झाली होती, ती सव्वाशे वर्षांनी कायद्यानेच दूर करण्यास आरंभ केला, असे म्हणता येईल.

आपल्या मंडळाचा वाटा

आता अखेरचा आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न. ज्ञातिमंडळाचा ह्याशी संबंध काय? वधूवर मेळावा, वसतिगृह, शिष्यवृत्ती ही आपली कामे. नदी-नाले पाहणे हे सरकारचे काम, असा आक्षेप येईल. तापीचे पाणी ज्ञात विचारून वाहत नाही आणि राखही आडनाव पाहून पडत नाही, हे खरेच आहे. म्हणूनच हे कार्य मंडळाने एकट्याने करावयाचे नसून गावातील सर्व समाजांच्या बरोबरीने करावयाचे आहे. परंतु जेथे सरकारचा हुकूम पोहोचत नाही, तेथे समाजाचा शब्द पोहोचतो, हा आपला अनुभव आहे. हुंड्याविरुद्ध, लग्नातील उधळपट्टीविरुद्ध मंडळांनी केलेल्या ठरावांचा थोडाबहुत का होईना, परिणाम झालाच आहे.

तेव्हा आम्ही चार सूचना विचारार्थ ठेवितो. पहिली सूचना पंगतीविषयी. केळीच्या आगरात राहणाऱ्या माणसांनी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी थर्माकोलच्या ताटात वाढावी, याहून विसंगती ती कोणती? महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अशा ताटांवर बंदी घातली. परंतु बंदीपेक्षा लाज अधिक परिणामकारक असते. मंडळाच्या प्रत्येक कार्यात केळीचे पान, पळसाची पत्रावळ किंवा धुऊन वापरावयाची ताटे असावीत. दुसरी सूचना बागायतदारांविषयी. ज्याच्या शेतात विहीर अथवा कूपनलिका आहे, त्याने पावसाळ्यात तिच्या पुनर्भरणाची सोय करावी आणि मंडळाने दरवर्षी अशा सभासदांची नावे याच स्मरणिकेत देणगीदारांच्या नामावलीशेजारी छापावीत. कारण भूगर्भास दिलेले पाणी ही देणगीच होय. तिसरी सूचना आपल्या नोकरदार बांधवांविषयी. रेल्वे, वीज केंद्र, आयुध निर्माणी, नगरपालिका यांतून निवृत्त झालेले जाणकार आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांची एक लहानशी समिती व्हावी. सांडपाण्याच्या योजनेचे काम कोठवर आले, राखेचा उपयोग किती झाला, धरणात गाळ किती साचला, याची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये मागवावी आणि ती वार्षिक सभेत वाचून दाखवावी. कोणावर दोषारोप करण्याकरिता हे करावयाचे नाही. जागल्याने दोष देत फिरावयाचे नसते, जागे राहावयाचे असते. चौथी सूचना भगिनींविषयी. जुन्या पंचांत स्त्रियांना स्थान नव्हते. वास्तविक पाण्याची टंचाई प्रथम त्यांच्याच डोक्यावरील हंड्यास कळते. ह्या समितीत निम्म्या जागा त्यांच्या असाव्यात.

सारांश, पर्यावरणाचे रक्षण कोणी करावे ह्या प्रश्नास इतिहासाचे उत्तर असे आहे : जो लाभ घेतो त्याने, आणि जेवढा लाभ, तेवढ्या प्रमाणात. सरकारने मर्यादा आखावी व कायदा निष्पक्षपणे चालवावा. नगरपालिकेने सांडपाणी शुद्ध करावे. उद्योगाने आपली राख आपल्या खर्चाने आवरावी. बागायतदाराने उपसले तितके मुरवावे. गृहस्थाने आपल्या दारातील कचरा दुसऱ्याच्या दारी ढकलू नये. आणि ह्या सर्वांनी आपापला वाटा उचलला की नाही, हे पाहणारा जागल्या समाजाने आपल्यातूनच द्यावा. आपल्या पूर्वजांनी आपणांस शेते, विहिरी आणि घरे वारशाने दिली; त्यांच्या खातेफोडीसाठी भावाभावांत आपण कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या. आता कर्तव्याच्या ह्या वाटणीतही कोणी मागे राहू नये आणि प्रत्येकाने आपला हिस्सा मागून घ्यावा, एवढीच आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.